मी डिफॉल्ट करणार नाही

हर्ष्या, तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या मशीनवर, एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर, कोयता उचलला. आयचा, नारळ सोलायचा, मुठीला तार गुंडाळलेला. नुसता उचलला नाही, घातला. कॅबिनेटच्या डोक्यावरची जाळी मधोमध चेपली, तिचा एक कोपरा उचकटून वर आला, आणि आवाज ऐकून आय ओटीवरून धावत आली. "कुनाला मारलास गो बाय?" मारायचंच होतं मला. ज्यांना मारायचं होतं ते दोघं कोठडीत आहेत, तिथे माझा हात पोचत नाही. त्यांच्यापेक्षा जास्त ज्याला मारायचं होतं तो तू, आणि तू राख होऊन खाडीत गेलास. मग उरलं कोण? हा काळा डबा उरला. रेंडर अर्ध्यावर असताना त्याने पुन्हा निळा स्क्रीन दाखवला आणि माझं डोकं फिरलं.

नीट सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील, ताय नेहमी मधूनच चालू करते. बाळकुमच्या आपल्या घराच्या खालच्या खोलीत आपण भाऊ-बहीण हळदीचे व्हिडिओ करायचो. तू शूट करायचास, मी कापायची, जोडायची आणि रेंडरला लावायची, म्हणजे त्या तुकड्यांचा अख्खा व्हिडिओ मशीन बनवून देणार. आपल्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी, आणि हळदीला नाचलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या एलईडीवर स्वतःला बघायचं असतं. म्हणजे तू सकाळी मेमरी कार्ड आणून टेबलावर आपटणार आणि अक्षता पडायच्या आत माझा व्हिडिओ तयार हवा. आपला प्रोसेसर जुना, कुणाकडून तरी वापरून आलेला. तो एवढं पळायला तयार नव्हता. नवा घेणं जमणारं नव्हतं, म्हणून तू त्यालाच पळवलास. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने, नेहमीपेक्षा थोडी जास्त वीज देऊन. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात हे मला तू सांगितलंस. मी म्हटलं, म्हाताऱ्या बैलाला चाबूक ओढतोयस. तू म्हणालास, "चाबूक नाय ताय, चारा देतो त्याला."

तेव्हा मी तुझं एक वेगळंच रूप पाहिलं. तू वेगाचा आकडा एक पायरी वर न्यायचास, टेस्ट लावायचास आणि कॅबिनेटच्या अंगावर तळवा ठेवून बसून राहायचास. मशीन पडलं, म्हणजे मध्येच बंद झालं, तर एक पायरी खाली. टिकलं तर विजेचा आकडा थोडा कमी करून बघायचास, म्हणजे तापणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरीला हात लावायचा नाही, हा तुझा कायदा. सबंध पावसाळा तू त्यात घातलास. ज्या माणसाला रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं तरी त्याची कॉलर धरायची असायची, तो माणूस एका डब्यासमोर एवढा शांत बसू शकतो हे मला बघवत नव्हतं. हा धीर माझ्या वाट्याला कधी आला नाही म्हणून मला त्या मशीनचा रागही यायचा.

आपण दोघं एकमेकांना मारतच मोठे झालो. तुझ्या भुवईतली फट माझ्या लाटण्याची. माझ्या कोपरावरचा व्रण तुझ्या पट्टीचा. आयने शेवटी कंटाळून नियम केला होता, आठवतो ना? वाद झाला की जो हरेल त्याने मान खाली घालायची आणि जो जिंकेल त्याने मानेवर एकच टपली मारायची. एकच. त्यानंतर तो विषय बंद. आपण दोघं तिशीला आलो तरी नियम चालूच होता. गिऱ्हाइकासमोर तू मला टपली मारली आहेस आणि मी गुपचूप खाल्ली आहे, कारण त्या दिवशी खरोखर मी हरले होते.

आणि मग ती हळद. हॉलच्या मागे गाड्या लावायच्या जागेत नवऱ्याचे दोन मित्र कुठलं गाणं लावायचं यावरून एकमेकांच्या अंगावर गेले. दोघंही प्यायलेले. एकाच्या साथीदाराने मंडपाचा लोखंडी पाइप उचलला. तो पाइप तुझ्यासाठी नव्हता. मध्ये तू होतास. कानाच्या वर बसला. पाइपवाला आणि ज्याच्यासाठी त्याने तो उचलला तो, तेच दोघं आता कोठडीत आहेत. मग हॉस्पिटल, नळ्या, डॉक्टरांचं "बघू या", आणि मग तेही बोलायचे थांबले.

सगळे एकच सांगतात, तू भांडण सोडवायला गेला होतास. मी विश्वास ठेवला नाही. तू? भांडण सोडवायला? नाक्यावर दोन कुत्री भांडत असली तरी तू एकाची बाजू घ्यायचास. हॉस्पिटलच्या जिन्यात कुणीतरी लांबच्या नात्यातल्याने फोन पुढे केला, म्हणे क्लिप आलीय. मी पाहिलं तेवढं एवढंच की कॅमेरा तुझ्या गळ्यात आहे, तुझे दोन्ही हात दोन्हीकडे पसरलेले आहेत आणि तू काहीतरी समजावतोयस. पुढचं दिसायच्या आत मी तो फोन भिंतीवर फेकला. काच जिन्यात पसरली. तो माणूस ओरडला तशी मी त्याच्याही अंगावर गेले, दोघांनी मला धरलं. हर्ष्या, जन्मात कधी नाही ती अक्कल तुला त्याच दिवशी सुचायची होती? ज्या कुणाला मारायचं ते मारून यायचास. मी जामीन करून आणलं असतं. मी तुला आयुष्यभर शिव्या घातल्या असत्या, पण तू असतास.

मला त्या पाइपवाल्याचा हात कसा मोडेन याचे विचार येतात. भाजी चिरताना येतात, दात घासताना येतात. लोक म्हणतात देवाचं नाव घे. मी घेते, आणि देवालाही दोन ऐकवते.

तुला भेटायला, म्हणजे तुझ्या फोटोला भेटायला आलेले बरेच जण म्हणाले, डोकं फार गरम होतं हो त्याचं. पार्टवाले काका नौपाड्याहून आले. तेच ते काका, ज्यांच्या दुकानातून आपण सगळे सुटे भाग आणायचो. तेही आपल्या शुद्ध भाषेत म्हणाले, "तो काय आणि तुमचं ते यंत्र काय, दोघंही सारखेच, लगेच तापायचे." म्हातारा माणूस म्हणून मी हात आवरला. मशीन तापलं की ते स्वतःहून बंद होतं, काका. ते स्वतःला वाचवतं. माझ्या भावाला हे येत नव्हतं आणि ज्या दिवशी त्याचं डोकं थंड होतं त्याच दिवशी तो मेला. हे सगळं मी त्यांना बोलले नाही, चहा दिला.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून हात मागे घेतात न घेतात तोच. मामा मोकळे झाल्यासारखे म्हणाले, "सुटला पोरगा. कसलीच इच्छा मागे नव्हती." मला त्या कावळ्याला दगड हाणावासा वाटला. इच्छा नव्हती? दसऱ्यापासून मशीन रेंडरला पडतंय, का पडतंय ते कळलेलं नाही, आपला वाद मिटलेला नाही, आणि याची इच्छा नव्हती? पानावर तळलेले बोंबील होते म्हणून आला तो हावरट. त्याला मशीनमधलं काय कळतंय?

तो वाद. त्याच्यासाठीच तर लिहायला बसले. दसऱ्यापर्यंत मशीन, तुझ्या शब्दांत, मख्खन चालत होतं. दसऱ्यानंतर पहिल्याच मोठ्या रेंडरला पडलं. साधं काम करताना काही नाही, पण पूर्ण जोर लागला की कधी निळा स्क्रीन, कधी दिवा गेल्यासारखं एकदम बंद. तू म्हणालास, कुठेतरी तापतंय, थंड करू या. मी म्हटलं, तापमानाचा आकडा तर मर्यादेत दिसतोय. तू वेगच जास्त मागतोयस, त्याला वीज पुरत नाही, वेग खाली आण. तू म्हणालास, सेटिंगला हात लावायचा नाही. इथून आपण एकमेकांचे वैरी झालो.

काय नाही केलंस तू? कूलर काढून प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसलीस, नवी लावलीस. पंख्यांची धूळ काढलीस. मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून बघितल्यास. काकांकडून दुसरा पॉवर सप्लाय उसना आणून लावलास, तरी तेच. म्हणजे विजेचा प्रश्न नाही, असं म्हणत तू माझ्या नाकावर बोट नाचवलंस. आणि मग तो शहाणपणा. आय बाजारातून आल्यावर तिच्या मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत उरलेला बर्फ तू कॅबिनेटसमोर मांडलास आणि त्यावरून पंखा सोडलास. मशीन थंड झालं, खरंय. आख्ख्या खोलीला मांदेलीचा वास सुटला आणि मुलीकडची माणसं व्हिडिओ बघायला आली ती नाकाला पदर लावून बसली. आयने तुला केरसुणीने झोडपलं. तू टेबलाभोवती पळत ओरडत होतास, "आकडा बघ ताय, आकडा बघ, किती खाली आला!" आकडा खाली आला होता. रेंडरला मशीन तरीही पडलं. त्या दिवशी तू कीबोर्ड गुडघ्यावर मारून मोडलास आणि त्यातला अर्धा मी तुझ्या पाठीत घातला.

तू सारखं एकच विचारायचास, "दसऱ्यानंतर बदललं काय?" बरोबर प्रश्न होता. आपण दोघांनी बोटं मोडत मोजलं. ऑक्टोबरचा उकाडा वाढला. सॉफ्टवेअर अपडेट झालं. खोलीत दुसरा दिवा लावला. सगळं एकेक करून उलटं फिरवून बघितलं. काही लागलं नाही.

त्या हळदीला निघतानाही तोच विषय होता. मी म्हटलं, उद्या सकाळी व्हिडिओ द्यायचाय, मी डिफॉल्ट करते. डिफॉल्ट म्हणजे सगळे आकडे पुसून मशीन कारखान्यातून आलं तसं करायचं. तू कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावत वळलास आणि म्हणालास, "डिफॉल्ट केलंस ना ताय, तंगडी तोडीन तुझी. आलो की दाखवतो सेटिंग बरोबर आहे ते." मी म्हटलं, दाखव. मी काही मान खाली घातली नव्हती. तूही घातली नव्हतीस. वाद अर्ध्यावर ठेवून तू गेलास, आणि माझी तंगडी अजून शाबूत आहे.

तुझे दिवस सुरू असतानाच गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले होते. त्यांची चूक नाही, लग्नाच्या तारखा कुणाच्या मरणाने थांबत नाहीत. तुझा मित्र विकी म्हणाला, मी शूट करतो, तू फक्त कापून दे. तेराव्याचं सगळं आवरलं आणि दुसऱ्या दिवशी मी जुनंच एक काम रेंडरला लावून पाहिलं. पडलं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, डिफॉल्ट कर आणि कामाला लाग. हळू चालेल, पण चालेल. आकडे हवेत तर स्क्रीनचा फोटो काढून ठेव, मग कधीही परत भरता येतील." बरोबरच सांगत होते. पण काका, फोटो तर त्याचाही काढलाय, भिंतीवर लावलाय, रोज हार घालतेय. फोटोने काय होतं? ते आकडे त्या मशीनमध्ये चालू आहेत तोवर तू त्या खोलीत काहीतरी करतोयस असं मला वाटत होतं. तू जे जे हाताने केलंस त्यातलं चालू असलेलं तेवढंच उरलंय. कॅमेरा पोलिसांकडे आहे, बाइक सोसायटीच्या भिंतीला टेकून धूळ खातेय. आणि डिफॉल्ट करणं म्हणजे तुझं सेटिंग चुकीचं होतं असं मी तुझ्या माघारी कबूल करून टाकणं. मेलेल्या माणसाला हरवायचं? तो काय उत्तर देणार?

आयचं वेगळंच. तिने फोनवरचं बोलणं ऐकलं आणि दारातूनच म्हणाली, "ह्यो डबा खाडीन टाक. ह्याच्यापायी माझा पोर जेला. मना नको ह्यो घरान." मी म्हटलं, आय, ह्याच्यावर आपलं घर चालतं. ती म्हणाली, "मी मासली इकून तुमाला वाडवलं. अजून इकीन." मग मी पुन्हा रेंडर लावला, मुद्दाम, दात खाऊन. तिच्यासमोर चालून दाखव मेल्या. अर्ध्यावर गेला, निळा झाला. आणि मी स्वयंपाकघरातून कोयता आणला.

जाळीचा जो कोपरा उचकटला त्यातून लाल मुंग्या बाहेर आल्या. एक नाही, रांग. मला वाटलं कोयत्याला काही लागलं होतं. नंतर नीट बघितलं तर त्या आतून येत होत्या, मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून. तिथे प्रोसेसरला वीज देणारी जाड केबल खुपसलेली असते. मोठ्या कूलरमुळे तिथे डोळा पोचत नाही, आपण नेहमी हाताने चाचपूनच ती लावायचो. पॉवर सप्लाय बदललास तेव्हाही तू वर बघत, जीभ बाहेर काढून, चाचपूनच लावली होतीस. मी वीज काढली, बटण दाबून धरलं, आणि प्लग ओढला. निघेना. कूलर सोडवून काढला, पक्कड लावून ओढला तेव्हा कडकन निघाला. एका भोकाभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. आतली पिन हिरवट काळी. सॉकेटभोवती चिकट डाग, त्यावर मेलेल्या मुंग्या. आणि पिनेच्या बुडाशी चिकटलेला एक तंतू. केस वाटला. चिमट्याने काढून उजेडात धरला. नारळाच्या शेंडीचा होता.

मी जमिनीवर बसले आणि हसायला लागले. आयला वाटलं आता हिचंही डोकं गेलं.

खंडेनवमी, हर्ष्या. खंडेनवमीला आपण सगळी हत्यारं मांडली होती. कॅमेरा, लेन्सा, माझं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, आयची मासे कापायची मोरली आणि मध्ये हे मशीन, झेंडूचा हार घालून. नारळ नेहमी उंबऱ्यावर फुटतो. तुझं म्हणणं, "ह्याने वर्षभर राबायचं आणि नारळ उंबऱ्याला? ह्याचा मान ह्याला." डाव्या हातात नारळ धरून कॅबिनेटच्या वर आणलास आणि कोयत्याच्या पाठीने असा घातलास की पहिल्याच घावात दोन तुकडे. निम्मं पाणी तुझ्या हातावर, निम्मं जाळीवर. मी किंचाळले. तू शर्टाच्या टोकाने वरवर पुसलंस आणि म्हणालास, "बंद आहे गं मशीन. प्रसाद आहे, काय होत नाय." मी नारळाची एक कवड तुला फेकून मारली, ती तुझ्या खांद्याला लागली, आय हसली, तू खोबरं खाल्लंस. संध्याकाळपर्यंत वाळू दिलंस आणि मग चालू केलंस. चालू झालं. विषय संपला.

दसऱ्यानंतर बदललं काय म्हणून आपण उकाडा मोजला, दिवा मोजला, अपडेट मोजलं. नारळ मोजलाच नाही. पूजा केली म्हणजे मशीनमध्ये काही बदल केला असं कोण धरतं? मीही धरलं नाही, तूही नाहीस. ते गोड पाणी त्या पिनेवर वाळलं, पिनेला गंज धरला, वीज अडखळायला लागली. साध्या कामाला तेवढी पुरायची. पूर्ण जोर लागला की ती पिन तापायची आणि प्रोसेसरला ऐन वेळी वीज कमी पडायची. तापमानाचा आकडा प्रोसेसरचा, त्याला ह्या कोपऱ्यातलं काय दिसणार? म्हणजे कुठेतरी तापतंय हे तू म्हणत होतास, ते खरं. वीज पुरत नाही हे मी म्हणत होते, तेही खरं. आपण दोघं बरोबर असूनही एकमेकांचे कीबोर्ड मोडत होतो. हे तुला कळलं असतं तर तू काय काय बोलला असतास ते मला अक्षरन् अक्षर ऐकू येतंय, आणि त्याच वेळी तू ते कधीच बोलणार नाहीस हेही.

पण खरा वाद सेटिंगचा होता. ते अजून सिद्ध व्हायचं होतं.

सोल्डरिंग पहिल्यापासून माझं काम. काकांच्या दुकानात भंगारात निघालेला एक बोर्ड होता, त्याचं सॉकेट काढून आणलं. पॉवर सप्लायची जळलेली केबलही बदलून घेतली. काकांनी पुन्हा सांगितलं, "फोटो काढून ठेव हो." कारण बोर्ड बाहेर काढला की तुझे आकडे त्या रुपयाएवढ्या चपट्या बॅटरीच्या जिवावर राहतात. हात लागून ती निघाली, की सगळं पुसलं. मी फोटो काढला नाही. वेडेपणा आहे, मला माहीत आहे. राहिले तर खरे राहतील, नाहीतर जातील. बॅटरीवर चिकटपट्टी लावली आणि सोल्डरिंग आयर्न तापवलं. दोन्ही हात कामात अडकलेले, टॉर्च टेबलावर पडलेला. दोन दिवस धड जेवले नव्हते. आय दारात उभी होती, कमरेवर हात. खाडीत टाक म्हणणारी. तिने माझे अडकलेले हात पाहिले, आत आली आणि टॉर्च उचलला. "कुठं धरू?" म्हणाली. मी दाखवलं. जुनं सॉकेट निघायला वेळ लागला, धूर तिच्या डोळ्यांत गेला, पण टॉर्च हलला नाही. तुझ्यासाठी ती कधी अशी उभी राहिली नव्हती, मला माहीत आहे. तू तिला कधी टॉर्च धरायला दिलाच नाहीस.

काल सकाळी सगळं जोडून चालू केलं. सेटिंगच्या पानावर गेले. तुझे आकडे होते. सगळे, जसेच्या तसे. मी कशालाही हात लावला नाही. हलकी कामं लावून रेंडर तपासण्यात अर्थ नव्हता, म्हणून ज्या कामावर ते सगळ्यात जास्त वेळा पडलं होतं तीच हळद काढली, दसऱ्यानंतरची पहिली. कापलेली नाही, अख्खी, कार्डावरून उतरवलेली तशी. ती रेंडरला लावली, स्पीकरवर तीच चालू ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले, कॅबिनेटच्या अंगावर तळवा ठेवून, तू बसायचास तशी.

आणि हर्ष्या, त्यात तुझा आवाज होता. मी विसरलेच होते. शूट करताना तू ओरडायचास ना, "हात वर! काकू, हात वर! अरे नाच की, लग्न तुझ्या भावाचं आहे का शेजाऱ्याचं?" प्रत्येक हळदीत तुझा हा गोंगाट असायचा आणि प्रत्येक व्हिडिओतून मी तो सगळ्यात आधी कापून टाकायची. तू म्हणायचास, ठेव ना कधीतरी. मी म्हणायची, गिऱ्हाइकाला तुझं भुंकणं नको असतं. पंखे जोरात फिरायला लागले आणि त्या आवाजात तू भुंकत होतास. आय ओटीवर मासे निवडत होती, तिचे हात थांबले. ती आत आली, ओल्या हातांनीच पलंगाच्या कडेला बसली. तू कुठल्यातरी म्हाताऱ्याला म्हणालास, "आजोबा, कंबर हाय का गहाण ठेवली?" आणि ती हसली. मग रडली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती. मीही रडले. आम्ही दोघी त्या डब्यासमोर गळ्यात गळे घालून रडलो आणि डबा चालत राहिला.

अर्ध्यावर गेला. तिथे नेहमी पडायचा. पुढे गेला. दिवेलागण झाली, आय देवाजवळ दिवा लावून परत आली, तरी चालू. संपल्यावर लगेच पुन्हा लावला. नंतर तुझी ती भयंकर टेस्ट लावली, जिच्यात मशीनला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. रात्रभर चालू ठेवली. आज सकाळी उठून बघितलं, अजून चालू आहे. तळवा लावला तर नुसतं कोमट. सगळ्या वेगावर, सगळ्या तुझ्या आकड्यांवर.

परवा कळव्याला हळद आहे. विकी शूट करेल, मी कापेन. तो ओरडत नाही, फार सभ्य आहे. त्याला म्हटलंय, ओरडायला शिक.

जाळी तशीच चेपलेली ठेवणार आहे. पुढच्या खंडेनवमीला नारळ उंबऱ्यावर फुटेल, आयने आत्ताच दम दिलाय. ती दोन माणसं सुटतील की नाही माहीत नाही. सुटली तर मी त्यांचं काय करेन, तेही माहीत नाही. तो राग कुठे जाणार नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण आज तो विषय नाही. आज आपला विषय बंद करायचाय, नियमाप्रमाणे. आलो की दाखवतो म्हणाला होतास. दाखवलंस.

सेटिंग बरोबर होतं, हर्ष्या. मी हरले. मशीनसमोर बसलेय, केस पुढे घेतलेत, मान खाली घातलीय. एकच.

मार.